घरी राहिलेल्यांची एकादशी

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटेपासून टाळमृदुंगांचा गजर चालू असेल, दर्शनाची रांग गावाबाहेर दूरवर गेली असेल, आणि देहू-आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट तुडवीत आलेले पाय नदीच्या पाण्यात क्षणभर विसावले असतील. या सोहळ्याचे वर्णन आज सर्वत्र वाचावयास मिळेल आणि ते मिळावयासच हवे. आम्हांस मात्र आज आठवण होते ती जे गेले नाहीत त्यांची.

ज्याची पेरणी पावसाने अडवून धरली आणि ऐन वारीच्या दिवसांत वाफसा आला, असा शेतकरी. अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटे टाकून उंबरा ओलांडता येत नाही, अशी सून. रुग्णालयात आजच पाळी लागलेली परिचारिका. वारकऱ्यांनी भरलेली एस. टी. पंढरपुरापर्यंत नेऊन, ती स्थानकावर रिकामी करून, कळसाला दुरूनच हात जोडून परत फिरणारा चालक. आणि घरातल्या दहा माणसांचा उपवास आपल्या शिरावर घेऊन सकाळपासून साबुदाणा, वरी, रताळी यांच्यामागे असलेली गृहिणी. हिचा स्वतःचा उपवास कित्येकदा खऱ्या अर्थाने निराहार होतो, ही गोष्ट निराळी!

अशा माणसांच्या तोंडून एक वाक्य आपण वर्षानुवर्षे ऐकतो: ‘आमच्या नशिबी वारी कुठली?’ या सुस्काऱ्यात नम्रता असते, तशी खंतही असते. देवाने बोलावले आणि आपण गेलो नाही, इतरांनी ओ दिली आणि आपली राहून गेली, अशी ती खंत. ती कितपत खरी मानावी, याचा विचार आजच्या दिवशी करावा, असे आम्हांस वाटते. या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार लांब जावे लागत नाही. पंढरीच्या देवालाच विचारले तरी पुरे.

न उठलेला भक्त

ज्याच्यामुळे देव पंढरीस राहिला, तो भक्त देव दारी आला असता जागचा उठला नव्हता. पुंडलिकाची कथा आपणा सर्वांस बालपणापासून ठाऊक आहे. परंतु अतिपरिचयाने तिच्यातील धार बोथट झाली आहे. म्हणून ती थोडी सावकाश पाहू.

परंपरा सांगते की, हा पुंडलिक मुळात आईबापांस छळणारा मुलगा होता. काशीयात्रेचे पुण्य जोडावे म्हणून तो निघाला आणि वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात मुक्कामाला राहिला. पहाटे त्याने एक नवल पाहिले. मळकट वस्त्रांतील तीन स्त्रिया आश्रमात आल्या. त्यांनी अंगण झाडले, सडा घातला, पाणी भरले, आणि काम संपवून बाहेर पडल्या तेव्हा त्या शुभ्र, तेजस्वी दिसत होत्या. पुंडलिकाने पाय धरून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आम्ही गंगा, यमुना, सरस्वती. लोक आमच्यांत स्नान करून आपली पापे टाकून जातात, त्याने आम्ही मलिन होतो. या मुनींच्या घरची झाडलोट केली म्हणजे पुन्हा निर्मळ होतो.’ आणि हे कुक्कुट मुनी कोण? तर ज्यांनी काशी कधी पाहिली नाही, काशीची वाट कोणती हेही ज्यांना सांगता येईना, असे गृहस्थ. आईबापांच्या सेवेतून त्यांस सवडच मिळाली नव्हती.

पापनाशिनी नद्यांना स्वतःचे पाप धुण्यासाठी हातात केरसुणी घ्यावी लागते, ही कल्पना ज्या कोणा अनाम कथेकऱ्याला सुचली असेल, त्याला आमचा नमस्कार असो.

पुढचा प्रसंग तर प्रत्येक घरच्या देव्हाऱ्यात उभा आहे. रुसलेल्या रुक्मिणीच्या शोधात निघालेला द्वारकेचा राणा दिंडीरवनात आला आणि पुंडलिकाच्या दारात उभा राहिला. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने हाताशी असलेली वीट मागे सरकविली आणि देवाला तीवर उभे राहावयास सांगितले. देव राहिला. अजून राहिला आहे.

या कथेतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली अशी की, पुंडलिकाने देवाला ओ दिली होती. ‘आज सवड नाही, उद्या या’ असे तो म्हणाला नाही, आणि ऐकू न आल्याचे सोंगही त्याने केले नाही. दारात कोण आले आहे हे त्याने ओळखले, आणि त्या क्षणी आपल्या हाताच्या टप्प्यात जे होते ते दिले. एक वीट होती; वीट दिली. दुसरी गोष्ट अशी की, देव रागावला नाही. आपल्याकडे पाठ करून म्हाताऱ्यांचे पाय चेपणारा हा माणूस आपलेच काम करीत आहे, हे देवाने जाणले. त्याची पावती म्हणून पंढरपूरच्या यात्रेकरूने आधी चंद्रभागेत स्नान करावे, मग नदीपात्रातील पुंडलिकाचे दर्शन घ्यावे आणि त्यानंतर राउळाकडे वळावे, असा क्रम पडला. वारकऱ्यांच्या जयघोषातही पहिले नाव पुंडलिकाचे येते. पूर आला की हे पुंडलिकाचे देऊळ पाण्याखाली जाते, ओसरला की पुन्हा वर येते.

तेव्हा आज ज्या सुनेच्या मनात ‘मला जाता आले नाही’ अशी रुखरुख आहे, तिने एवढेच ध्यानात घ्यावे की, ज्या खोलीत ती या घटकेला सासूची कूस बदलीत आहे, त्या खोलीचे पंढरीशी नाते फार जुने आहे.

मात्र याच कथेवरून आणखी एक गोष्ट बोलावीशी वाटते, आणि ती तितकीशी गोड नाही. घरातील आजारी आईबापांचा सगळा भार पत्नीवर किंवा धाकट्या भावावर टाकून, ‘माझी वारी चुकत नाही’ असे अभिमानाने सांगणारी काही माणसे आपल्या समाजात आहेत. वारी थोरच आहे. पण अशा वारकऱ्याने नदीतल्या पुंडलिकासमोर हात जोडताना त्याच्या डोळ्यांस डोळा कसा भिडवावा, हे आम्हांस कळत नाही. निदान एका वर्षी पाळी बदलून पाहावी. आपण घरी राहावे आणि बायकोच्या हाती पताका द्यावी.

अरणचा मळा

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ अरण नावाचे गाव आहे. सावता महाराजांचे गाव ते हेच. अरणहून पंढरपूर जवळ आहे. चालत निघाले तरी दोन दिवसांत पोहोचावे इतके. महाराजांचे आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी होते. असे असून सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, असेच परंपरा सांगते. शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला आणि इ. स. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. पंचेचाळीस वर्षांचे ते आयुष्य वाफे, पाट, मोट आणि खुरपे यांच्या संगतीत गेले. त्यांचे उपलब्ध अभंग सदतीसच काय ते. ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून आपणांस लाभले. मळ्यातल्या साध्या भाजीपाल्यात त्यांना आपली विठाई दिसली, हे तर शाळकरी मुलासही ठाऊक असते.

त्याच काळात, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराची पूजा करण्याचा जो उपदेश आहे, तो विशद करताना माउलींनी कर्मालाच पूजेच्या फुलांचे रूप दिले. नेवाशाला हा विचार शब्दरूप घेत होता, त्या वेळी अरणला चाळिशीचा एक माळी तो हाताने करीत होता. दोघांपैकी कोणी कोणाकडून काय घेतले, हा वाद विद्वानांनी घालावा. आम्हांस दोघांचे एकाच वेळी असणेच पुरेसे बोलके वाटते.

महिपतींनी आपल्या ‘भक्तविजया’त सांगितलेली कथा अशी की, ज्ञानदेव-नामदेवांस बरोबर घेऊन विठ्ठल कूर्मदासाच्या भेटीस निघाला असता वाटेत अरण लागले. दोघांस मागे थांबवून देव एकटाच मळ्यात शिरला आणि पाठीमागे कोणी लागल्याचे सोंग करून ‘मला कुठेतरी लपव’ म्हणू लागला. लपविण्याजोगी जागा उघड्या मळ्यात कोठून असणार? सावतोबांनी खुरपे घेतले, आपले पोट चिरले आणि देवाला आत ठेवून वरून घोंगडी पांघरली. मळ्यात तण काढावयाचे ते खुरपे; दुसरे हत्यार त्यांच्यापाशी नव्हते.

आणि हा कूर्मदास कोण, ज्याच्यासाठी देव निघाला होता? तो हातापायांनी पांगळा होता. पैठणहून पंढरीस जावयाचे म्हणून तो जमिनीवर सरपटत निघाला. लऊळपर्यंत आला आणि एकादशी तोंडावर आली. पुढची वाट काही सरेना. त्याने पंढरीस जाणाऱ्या यात्रेकरूंकडे निरोप दिला. निरोप पोहोचला आणि देव लऊळला आला.

या दोन कथा महिपतींनी एकमेकींना जोडून सांगितल्या, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. एकाला कामामुळे जाता आले नाही, दुसऱ्याला शरीराने साथ दिली नाही. एकाने जाण्याची इच्छाच मळ्यात पेरली, दुसऱ्याने ती छातीशी धरून रक्तबंबाळ कोपरांवर वाट कापली. देवाने या दोघांच्या गुणांची तुलना केली नाही. एकाच फेरीत दोन्ही ठिकाणी जाऊन आला.

कोणते काम पूजा होते?

येथे एक सावधगिरी हवी. ‘काम हीच पूजा’ हे वाक्य अलीकडे फार स्वस्त झाले आहे. ते गल्ल्यामागच्या भिंतीवर चौकटीत लावलेले असते आणि गल्ल्यापुढे तागडीला अंगठा लागत असतो. दुधात पाणी, मापात खोट, आणि वर हे वाक्य! सावता महाराजांनी मळ्याला पंढरी म्हटले म्हणून आपला कोणताही धंदा आपोआप पंढरी होत नाही. देवापुढे किडके फळ आपण ठेवीत नाही. मग देवाला अर्पण केलेले काम तरी किडके कसे चालेल?

तुकाराम महाराजांनी हा प्रश्न स्वतःपुरता कसा सोडविला, ते पाहावे. देहूला त्यांच्या घरी पिढीजात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. इ. स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने कुळे नागविली आणि महाराजांचे स्वतःचे घरही उद्ध्वस्त केले. थोरली पत्नी आणि मुलगा त्यांनी गमावला. त्यानंतर त्यांनी कर्जखते बाहेर काढली, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. कान्होबांच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, ही बारीक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्याचा मोह मोठमोठ्यांना आवरत नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांपुढे तर याहून बिकट प्रसंग आला. ते बेदरच्या बादशाहीतील अंमलदार. सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती आणि दारात दुष्काळाने खंगलेली माणसे होती. धान्याचे रक्षण करणे ही नोकरी होती. माणसांचे रक्षण करणे ही हाक होती. पंतांनी कोठारे उघडली. अपराध होणार हे त्यांना पुरते ठाऊक होते आणि तो त्यांनी लपविला नाही. बेदरला बोलावणे आले तेव्हा ते निमूट निघाले. पुढे देवाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात पैसा भरला आणि रीतसर पावती घेतली, ही कथा आपण कीर्तनांत ऐकलेली आहे. आज ज्यांच्या सहीवाचून कोणा गरिबाचे काम अडते, त्या सर्व कार्यालयीन मंडळींनी दामाजीपंतांस आपले कुलदैवत मानावयास हरकत नसावी. त्यांना कोठार उघडावे लागणार नाही. टेबलावरचा कागद वेळेवर पुढे सरकविला तरी पुष्कळ झाले.

याच कथेत एक काटा आहे आणि तो काढून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवाने कोणाचे रूप घेतले? विठू महाराचे. आणि ज्यांचे रूप देवाने घेतले, त्यांना देवाच्या राउळात शिरण्याची बंदी होती. त्याच मंगळवेढ्याचे चोखोबा. इ. स. १३३८ मध्ये गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असता ती कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. आयुष्यभर वेठ करून त्या कामातच ज्याने प्राण ठेवला, त्याला मृत्यूनंतरही दाराच्या बाहेरची जागा मिळाली. त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपोषणास बसले, तेव्हा ते दार हरिजनांना उघडले.

तेव्हा ‘ज्याने त्याने आपापले काम देवाचे समजून करावे’ हा उपदेश आपण ज्या सुरात करतो, तो तपासून घ्यावा. स्वतःस सांगितला तर तो भक्ती आहे. दुसऱ्यास जागच्या जागी दडपून ठेवण्यासाठी सांगितला तर त्यात पंढरीचा अंशही नाही. चोखोबांना जी हाक आली होती तिला त्यांनी जन्मभर ओ दिली. ओ द्यावयाचे राहिले ते दाराच्या आतल्यांचे.

जाते, धोकटी आणि चिखल

संसारी माणसाला मधूनमधून हसू यावे म्हणूनच की काय, संतचरित्रांत सेना महाराजांची गोष्ट आली आहे. महाराज पूजेत रंगलेले, इकडे राजाचे बोलावण्यावर बोलावणे. पूजा मोडवेना. तेव्हा देव स्वतःच धोकटी काखेस मारून वाड्यावर गेला, राजाची हजामत केली, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूपाचे प्रतिबिंब दिसले. देवालाही हजामतीचे काम अडलेले चालले नाही, ते पार पाडल्यावरच तो परतला, असा या कथेचा अर्थ आम्ही घेतो. देव दर वेळी आपली धोकटी उचलील या भरवशावर मात्र कोणी खाडा करू नये.

जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला. गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून ते जाते आजही दाखवितात. नामदेवांच्या भरल्या घरातली ही दासी. दळण, कांडण, शेणी, धुणे यांतून तिची सुटका नव्हती. तिच्या अभंगांत देवाशी सलगी आहे, तशी भांडणे आहेत, प्रसंगी खरमरीत शिव्याही आहेत. रोजच्या सेवेत जीव थकतो, चीड येते, ‘मीच का’ असे वाटते. असे वाटले म्हणजे आपली भक्ती खोटी, अशी समजूत अनेक भाविक स्त्रियांची असते. जनाबाईने आपली चीड देवापासून लपविली नाही. ती त्यालाच ऐकविली आणि जात्याचा खुंटा सोडला नाही.

तिच्यामागून या महाराष्ट्रात किती जणींनी पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून विठ्ठलाला हाका मारल्या, याची गणती कोण करणार? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघा अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्याच एक लाखाहून अधिक भरल्या. त्या गाणाऱ्या बायांपैकी किती जणींना आपल्या हयातीत पंढरी दिसली असेल! आता पीठ गिरणीतून येते, ओवी मात्र परतली नाही. कुकरच्या शिट्टीवर तिचे बस्तान अजून बसावयाचे आहे.

आणि तेरचे गोरोबाकाका. त्यांची कथा सांगताना आमची लेखणी नेहमी अडखळते. गोरोबा चिखल तुडवीत होते. मुखी नाम, चित्त विठ्ठलपायी. पत्नी पाण्याला गेली होती. तान्हे मूल रांगत आले आणि त्या चिखलात, बापाच्या पायांखाली, तुडविले गेले. पुढे कीर्तनात ते मूल सजीव होऊन परत आले, असे परंपरा सांगते आणि श्रद्धाळू मन त्याने निवते. पण मधल्या काळात त्या आईने जो टाहो फोडला, तो संतचरित्रकारांनी गाळला नाही. भक्तीच्या तंद्रीत पायाखालचे मूल दिसेनासे होते, एवढा मोठा धोका आपल्याच परंपरेने आपणांस उघड सांगून ठेवला आहे. देवाच्या हाकेकडे कान लागले असता घरातले रडणे ऐकू आले नाही, तर ते भक्तीचे पूर्णत्व समजावे काय? गोरोबांच्या थोरवीविषयी शंका घेण्याची आमची प्राज्ञा नाही. पण त्या माउलीचा टाहो ऐकल्यावर आम्ही आपले पुंडलिकाकडे जाऊन उभे राहतो. त्याने हाक ऐकली, आणि हातातले पायही सोडले नाहीत.

नाथांची तहानलेल्या गाढवाची कथा याच जातीची. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराच्या वाटेने निघालेले नाथ वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ते पाणी घालतात आणि रामेश्वर तेथेच पावला म्हणतात. बरोबरच्या यात्रेकरूंनी ते गाढव पाहिले नव्हते असे नाही.

केरसुणीवाला यात्रेकरू

ही सारी उदाहरणे शतकांपूर्वीची झाली, आज कोण असे करतो, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही गाडगेबाबांची आठवण देतो. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर १९०५ मध्ये घर सोडून बाहेर पडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर, हाती केरसुणी. पंढरीच्या यात्रेत ते येत. पण त्यांचे लक्ष राउळाकडे नसे. लाखोंनी केलेली घाण ते झाडून काढीत. दिवसा केरसुणीने वाट झाडावयाची आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडावयाची, हा त्यांचा नेम. अस्पृश्य म्हणून ज्यांना पंढरपुरात उतरावयास जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्या मागे धर्मशाळा, शाळा, सदावर्ते उभी होती. स्वतःचे असे घर मात्र नव्हते.

कुक्कुट मुनींच्या अंगणात झाडलोट करणाऱ्या त्या तीन नद्या आणि पंढरीच्या वाटा झाडणारे बाबा यांत आम्हांस काही अंतर दिसत नाही. आज रात्री यात्रा पांगल्यावर वाळवंटात जे सफाई कामगार उतरतील, त्यांच्यातही दिसणार नाही. त्यांच्यापैकी किती जणांना आज दर्शन घडले असेल?

एकदा तर सगळा महाराष्ट्रच घरी राहिला. २०२० च्या आषाढीला साथीमुळे पालख्या चालत निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या, मोजकी माणसे बरोबर होती, आणि १ जुलैच्या त्या एकादशीला वाळवंट ओस पडले होते. पिढ्यान्पिढ्यांची वारी ज्यांनी कधी चुकविली नव्हती, त्या वृद्ध वारकऱ्यांनी घराच्या ओसरीवर पावले मोजली, देव्हाऱ्यापुढे टाळ वाजविले. त्याच दिवशी परिचारिका मात्र घरी नव्हत्या. त्या आपापल्या दालनांत उभ्या होत्या. आणि माउलींच्या पादुका ज्या गाडीतून गेल्या, तिचे चाक एरवी स्थानकावरूनच परत फिरणाऱ्या एका चालकाच्या हाती होते. पुढच्या वर्षीही बहुतांशी असेच झाले.

आपल्या भाषेत हाक आली म्हणजे ओ द्यावयाची असते. लहान मूल खेळात रमले आणि उत्तर देईना की घरातली आजी म्हणे, ‘अरे, ओ तरी दे!’ तत्काळ उठून आलेच पाहिजे, असे तिचे म्हणणे नसे. ऐकले आहेस, एवढे कळू दे. आतल्या खोलीतून रात्री दोनदा येणारी म्हाताऱ्याची हाक, शेजारच्या दारावरची अवेळची थाप, कामावरून निघता निघता कोणी अडल्यानडल्याने केलेली विनवणी, यांना आपण काय उत्तर देतो? पुष्कळदा ऐकू न आल्याचे सोंग करतो. मग सकाळी स्नान करून देवापुढे बसतो आणि तो आपल्याशी बोलत नाही म्हणून खंतावतो.

चार दिवसांनी पौर्णिमा येईल. गोपाळपुरात काला होईल, लाह्यांचा प्रसाद वाटला जाईल, आणि पालख्या आपापल्या गावी परतीला लागतील. तोवर शेतात उगवण दिसू लागलेली असेल. मग वद्य पक्ष सुरू होईल आणि आषाढ वद्य चतुर्दशी उजाडेल, सावता महाराजांच्या पुण्यतिथीची. महाराष्ट्रातील संतांच्या पालख्या देवाच्या भेटीस पंढरपुरास येतात, पण अरणहून सावतोबांची पालखी येत नाही. त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यास पंढरपुराहून पांडुरंगाचीच पालखी निघते आणि अरणची वाट चालू लागते.